उणे चार झाडे

एका डोंगराच्या उतारावर सागाची एक सरळ रांग होती आणि त्या रांगेतल्या दहाव्या झाडाच्या मुळाशी एक साळू राहत असे. साळू म्हणजे तीच, मुलांनो, अंगभर काटे वागवणारी. रागावली की तिचे काटे उभे राहत आणि चालू लागली की खुळखुळत. त्यामुळे ती घराबाहेर कधी पडली आणि परत कधी आली, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना न विचारताच कळे. तिच्या घरी एकच पिल्लू होते, उन्हाळ्याच्या तोंडाशी जन्मलेले. त्याचे काटे अजून केसांसारखे मऊ होते.

सागाची ती रांग फार पूर्वी कुणी माणसांनी लावली होती. पायथ्याच्या काळ्या दगडापासून निघून ती थेट माथ्यापर्यंत चढत जाई, आणि कोणत्याही दोन झाडांमधली जागा अगदी सारखी. जनावरांची त्यामुळे मोठी सोय झाली होती. पत्ता सांगायचा तर झाडाचा आकडा सांगायचा. "ससा कुठे राहतो?" "सातव्याला." एवढ्यात काम भागे. बाराव्या झाडाशी एक झरा होता. खडकाच्या फटीतून पाणी पाझरून खालच्या दगडी कुंडीत साठे आणि तिन्हीसांजेला सगळी जनावरे तिथे जमत.

आता पाणी आधी कुणी घ्यायचे, याचा त्या जंगलात एक जुना रिवाज होता. जवळच्याने आधी, लांबच्याने मागून. तुम्ही म्हणाल, हा कसला रिवाज? पण त्याला कारण होते. कुंडीत पाला पडतो, कडेची माती ढासळते, ते सगळे काढणार कोण? जो जवळ राहतो तोच. मग रोज ज्याचे पाय चिखलात, त्याचे तोंड पाण्याला आधी लागावे, असे जुन्या जाणत्यांनी ठरवून टाकले. साळू रोज पहाटे कुंडीतला गाळ काढी. टिटवी नवव्या झाडाजवळच्या गोट्यांत अंडी घालून बसलेली असे, तीही चोचीने काडीकचरा उचलू लागे. काम दोघींचे होई आणि गप्पाही होत. सगळ्या जंगलाच्या बातम्या टिटवीकडे असत. कुणाच्या घरी काय शिजले, इथपासून कुणाचे कुणाशी बिनसले, इथपर्यंत.

जवळ कोण नि लांब कोण, हे ठरवायला हिशेब लागे आणि हिशेब उदमांजराकडे होता. झऱ्याचे झाड बारावे. त्यातून आपल्या घराचे झाड वजा करायचे, राहील तेवढे अंतर. उदमांजर हा हिशेब पंजाने धुळीत रेघा ओढून करी. बारा रेघा ओढायच्या, ज्याचे जितके झाड तितक्या पुसायच्या. साळूचे झाड दहावे, दहा पुसल्या, राहिल्या दोन. टिटवीच्या तीन. सशाच्या पाच. उदमांजर स्वतः चौथ्या झाडाच्या ढोलीत राही, त्याच्या आठ. रानडुक्कर दुसऱ्या झाडाशी लोळे, त्याच्या दहा. आणि बेडूक तर कुंडीतच राही, त्याचे अंतर काहीच नाही, म्हणून पहिला मान त्याचा. ज्याच्या रेघा कमी त्याचा नंबर आधी. वर्षानुवर्षे या हिशेबाने कुणाची तक्रार आली नाही. येणार कशी? झऱ्याच्या वरच्या अंगाला कुणाचे घरच नव्हते.

त्या वर्षी उन्हाळा कडक पडला. झऱ्याची धार सुतासारखी झाली. दिवसभर पाझरून कुंडी जेमतेम अर्धी भरे. आधी येणाऱ्याला निवळ पाणी, मागून येणाऱ्याला गढूळ आणि शेवटी येणाऱ्याला नुसता चिखल, अशी परिस्थिती आली. त्यातच उदमांजराच्या ढोलीत मुंगळे शिरले. त्याची बायको दिवसांत होती. ती म्हणाली, "या मुंगळ्यांत मी बाळंत व्हायची नाही. दुसरं घर बघा." उदमांजराने उतार धुंडाळला. खालच्या झाडांत कुठेच ढोली मिळाली नाही. मिळाली ती सोळाव्या झाडात, झऱ्याच्या वर. बिऱ्हाड हलले, दोन पिल्ले झाली, सगळे यथासांग पार पडले.

त्यानंतरच्या संध्याकाळी उदमांजर हिशेबाला बसले. सगळ्यांचे झाले आणि स्वतःची पाळी आली. त्याने बारा रेघा ओढल्या. मग सोळा पुसायला घेतल्या. एक, दोन, तीन करीत बारा पुसून झाल्या. समोर नुसती धूळ उरली, आणि पुसायच्या तर अजून चार बाकी. उदमांजर पंजा वर धरून थांबले.

"काय झालं हो, कारभारी?" टिटवीने मान लांब केली. "अडलं का घोडं?"

"अडलं नाही," उदमांजर हळूच म्हणाले. "माझ्या रेघा चार कमी पडल्यात. म्हणजे माझं अंतर उणे चार झाडं."

"उणे चार म्हणजे किती?"

"काहीच नाही, त्याच्याही खाली चार." बोलता बोलता उदमांजराचे डोळे चमकले. त्याने हे ठरवून केले नव्हते, हं. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. पण हिशेब आपल्या बाजूने निघाला की तो पुन्हा तपासावा असे फार थोड्यांना वाटते. "ज्याच्या रेघा कमी त्याचा नंबर आधी. माझ्या सगळ्यांत कमी. म्हणजे झऱ्याला सगळ्यांत जवळचा मी."

हे ऐकून बेडूक कुंडीतून उडीच मारून बाहेर आला. "अहो, मी पाण्यात बसलोय! पाणी माझ्या पाठीवरून वाहतंय! माझ्यापेक्षा जवळ कुणी असेल, तर त्याला माझ्या पोटातच असायला हवं!"

"हिशेब मी करत नाही, बेडूकराव, हिशेब होत असतो," उदमांजर म्हणाले आणि पुढे होऊन निवळ पाणी प्यायले.

काहीतरी चुकते आहे असे प्रत्येकाला वाटत होते, पण वजाबाकी एका उदमांजरालाच येत होती. त्याच्याशी वाद घालायचा तर कोणत्या तोंडाने?

रानडुकराने मात्र वाद घातला नाही. त्याने डोके चालवले. दुसऱ्याच दिवशी त्याने आपले बिऱ्हाड उचलले आणि बारा रेघांतून एकवीस पुसाव्या लागतील अशा एकविसाव्या झाडाशी नेऊन टाकले. उणे नऊ. संध्याकाळी उदमांजराला बाजूला सारून तोंड आधी त्याने घातले आणि निम्मी कुंडी ढवळून ठेवली. ते पाहून ससा अस्वस्थ झाला. त्याला चार लेकरे. त्याने रातोरात त्यांना मानगुटीला धरून थेट शेवटच्या, चोविसाव्या झाडाशी नेले. उणे बारा! त्याच्या वर मग झाडेच नव्हती, उघडा तापलेला कातळ होता. अशी गंमत झाली की जो जितका लांब पळाला, तो तितका जवळचा ठरला. संध्याकाळी ससा माथ्यावरून धापा टाकत येई आणि पहिला नंबर लावी. त्याच्यामागे रानडुक्कर, मग उदमांजर, मग बिचारा बेडूक. आणि सगळ्यांत शेवटी साळू आणि टिटवी, ज्यांची घरे झऱ्याच्या हाकेवर होती.

साळूला स्वतःच्या तहानेचे एवढे नव्हते. पण घरी पिल्लू होते, आणि चालत झऱ्यावर येण्याएवढे त्याच्या पायांत बळ नव्हते. त्याच्यासाठी ती द्रोण नेई. पळसाची दोन पाने एकावर एक ठेवून दुमडायची आणि आपलाच गळून पडलेला काटा टाचणीसारखा टोचायचा, असे द्रोण तिला छान जमत. जंगलात ज्या ज्या घरी तान्हे असे, त्यांना द्रोण हिच्याकडूनच जात. उदमांजरालाही तिने चार टाचून दिले होते. बाळंतिणीचे घर, नाही कसे म्हणायचे? एकच खोट होती. साळूचा काटा जाड, त्यामुळे टोचलेल्या जागी भोक राही आणि वाटेत थेंब थेंब गळे. तरी दोन झाडांच्या चालीत पाऊण द्रोण घरी पोचे आणि पिल्लाचे भागे.

आता कुंडीतून तिच्या वाट्याला चिखलच येऊ लागला. तो द्रोणात भरून आणायचा, तळाशी बसू द्यायचा आणि वरचे चार थेंब पिल्लाच्या जिभेवर सोडायचे. पिल्लू आधी रडे. मग त्याचे रडणे बारीक झाले. मग एका संध्याकाळी ते रडलेच नाही, नुसते तोंड उघडून आईकडे बघत राहिले. साळूच्या पाठीवरचे सगळे काटे त्या वेळी सरसरून उभे राहिले.

टिटवी समाचाराला आली होतीच. ती म्हणाली, "वहिनी, माझं ऐका. दुनिया वर चालली, तुम्हीही वर चला. कातळावर एखादी कपार बघा. उणे तेरा, उणे चौदा, काय हवं ते मिळेल. माझी अंडी उचलता आली असती ना, तर मी कालच गेले असते."

"आणि हे पिल्लू त्या तव्यावर ठेवू?" साळू म्हणाली. "एवढं वर न्यायचं, तेवढ्या वरून मी पाण्याला यायचं आणि पाणी घेऊन तेवढंच परत चढायचं. पोचेपर्यंत द्रोणात राहील काय?"

"मग काय करणार? हिशेबाच्या पुढे कुणाचं चालतं?"

"हिशेब मला येत नाही, ताई. पण मी जवळ राहते हे मला येतं. ते कुणी पुसू शकत नाही. मी इथून हलणार नाही, आणि माझ्या लेकराला पाणी मिळाल्याशिवाय गप्पही बसणार नाही."

"कराल काय पण?"

"ते अजून सुचलं नाही. सुचेल." एवढे बोलून साळू पिल्लाला चाटत बसली. मुलांनो, हट्ट आणि निर्धार यांत फरक असतो. हट्टी माणूस पाय आपटतो. निर्धाराचा माणूस दुसऱ्या दिवशी पहाटे उठून कामाला लागतो.

साळू पहाटे उठून कुंडीवर गेली. नंबर शेवटचा असला तरी गाळ काढणे तिने सोडले नव्हते. माथ्यावरचे "जवळचे" शेजारी काही त्यासाठी खाली येत नव्हते, आणि तिनेही सोडले असते तर झरा बुजला असता. गाळ काढून तिने पाय झटकले आणि सहज तिची नजर वरच्या वाटेकडे गेली. वाटेच्या धुळीत बारीक बारीक खळगे पडले होते. थेंब पडून वाळलेले. एका ओळीत, वर वर गेलेले. ती ओळखीची ओळ होती. तिच्या स्वतःच्या घराच्या वाटेवरही अशीच ओळ रोज पडे. हे उदमांजराच्या द्रोणाचे थेंब.

साळू त्या थेंबांच्या कडेकडेने वर गेली. तेराव्या झाडापर्यंत खळगे दाट होते. चौदाव्यापुढे विरळ झाले. पंधराव्याच्या थोडे पुढे शेवटचा एक खळगा होता आणि त्यानंतर नुसती कोरडी धूळ. सोळावे झाड समोर दिसत होते. ढोलीतून पिल्लांचा आवाज येत होता. बारीक, कोरडा. साळूला तो आवाज लगेच ओळखू आला. चार दिवसांपूर्वी तिचे पिल्लू असेच रडत होते.

ती कितीतरी वेळ त्या शेवटच्या खळग्यापाशी उभी राहिली. मग वळली आणि खुळखुळ काटे वाजवीत झपाझप उतरू लागली. तिला सुचले होते.

संध्याकाळी सगळे जमले. ससा पहिला होता, पण अजून त्याचा श्वास खाली बसायचा होता. साळू शेवटच्या जागेवरून निघाली ती तडक पुढे आली. तिचे काटे उभे होते, त्यामुळे वाट करून देणे सगळ्यांनाच शहाणपणाचे वाटले.

"कारभारी," ती म्हणाली, "मला आज पाणी नको."

"नको?" उदमांजर दचकले.

"नको. माझ्या वाटचा चिखल टिटवीताईंना द्या. मला फक्त तुमच्या द्रोणाबरोबर तुमच्या घरापर्यंत चालायचंय. आणि सगळ्यांनी माझ्याबरोबर यायचं."

"कशाला?" रानडुक्कर गुरगुरले. "लग्नाची वरात आहे का?"

"सांगते. मी माझ्या घरी द्रोण नेते. अंतर दोन झाडं. त्या दोन झाडांत माझ्या द्रोणातलं पाणी थोडं कमी होतं. टिटवीताईंच्या घरापर्यंत नेला, तर तीन झाडांत आणखी कमी होतं. चाल वाढली की पाणी घटतं, बरोबर?"

"बरोबर," बेडूक म्हणाला. पाण्याचा विषय निघाला की तो आधी बोले.

"आणि बेडूकरावांना चालावंच लागत नाही, त्यांचं काहीच घटत नाही. आता कारभाऱ्यांचं अंतर काहीच नाही त्याच्याही खाली चार. मग यांचा द्रोण वाटेत गळता कामा नये. उलट, चालता चालता भरत जायला हवा!"

मग टिटवी जी हसत सुटली, ती दोन्ही पंख पोटावर धरून. "अगं बाई! खरंच की! घरी पोचेपर्यंत ओसंडून वाहायला पाहिजे!"

"हसू नका," साळू म्हणाली. "मी थट्टा करत नाही. कारभारी, काठोकाठ द्रोण भरा. तुमच्या दारात पोचेपर्यंत तो भरलेलाच राहिला, तर पाऊस पडेपर्यंत मी शेवटी पिईन आणि तोंडातून एक शब्द काढणार नाही. पण थेंब गळले, तर तुमची चार झाडं आणि माझी दोन झाडं एकाच मातीतली आहेत, हे तुम्हीच सगळ्यांना सांगायचं."

उदमांजराने द्रोणाकडे पाहिले. रोज संध्याकाळी त्या वाटेवर काय होते, ते त्याच्याइतके कुणाला ठाऊक होते? पण सगळ्यांचे डोळे त्याच्यावर होते. त्याने द्रोण काठोकाठ भरला, दातांत धरला आणि ते चालू लागले. मागे साळू, तिच्यामागे सारे जंगल.

टप. बारावे झाड सोडले तोच पहिला थेंब पडला. टप, टप. तेरावे झाड आले. द्रोणाचा काठ कोरडा झाला होता. उदमांजर पाय लांब टाकू लागले. पण वाट काही पायांच्या घाईने आखडत नाही. चौदाव्याला द्रोण अर्धा झाला. ससा मान वाकडी करून बघत होता. पंधराव्याच्या पुढे एक थेंब गळला, त्यानंतर थेंब पडण्याचा आवाज थांबला, आणि सगळे नुसत्या पावलांच्या आवाजात सोळाव्या झाडापाशी पोचले.

ढोलीतून उदमांजराच्या बायकोने डोके बाहेर काढले. एवढा जमाव कशाला, ते तिला ठाऊक नव्हते. तिने रोजच्यासारखेच विचारले, "आज तरी दोन थेंब उरले का हो?"

उदमांजराने द्रोण खाली ठेवला. पान ओले होते, एवढेच. आतून दोन पिल्ले सरपटत आली आणि ते ओले पान चाटू लागली.

रानडुकरालाच राहवले नाही. "हा चढाचा दोष आहे," ते म्हणाले. "चढताना पाणी हिंदकळतं. उतरताना आपण येतो, तेव्हा बघा ना, कसं पटकन येतो! उतरतानाचं अंतर उणंच आहे."

"पटकन?" हा आवाज सशाचा होता. इतके दिवस पहिला नंबर घेणारा ससा आता धपकन खाली बसला. "डुकरदादा, मी रोज बारा झाडं उतरतो आणि बारा चढतो. उतरतानाची बारा उणी आणि चढतानाची बारा अधिक धरली, तर माझी रोजची चाल काहीच नाही अशी निघते. मग माझे पाय का सुजलेत, ते सांगा. बघा, बघा हे पाय! आणि माझ्या लेकरांना मी पाणी नेतच नाही. कुठून नेणार? सोळाव्यालाच द्रोण संपतो. ती कातळावरचं दव चाटतात." तो पाय चोळू लागला. "पहिला नंबर लागला म्हणून मी कुणाला सांगितलं नाही."

उदमांजर तिथेच धुळीत बसले. त्याने पंजाने रेघा ओढायला सुरुवात केली. पण या वेळी आधी सोळा ओढल्या, आपल्या घराच्या. मग त्यांतून झऱ्याच्या बारा पुसल्या. समोर चार रेघा उरल्या, नीट, उभ्या. उदमांजर त्या चार रेघांकडे बघत राहिले, आणि मग त्यांच्या शेजारच्या कोरड्या द्रोणाकडे.

"चूक वजाबाकीत नव्हती," ते शेवटी म्हणाले. "आपण नेहमी झऱ्याच्या रेघा आधी ओढायचो. सगळे खाली राहत होतो, म्हणून ते जमून जायचं. घर वर गेलं की घराचा आकडा मोठा होतो, मग त्याच्या रेघा आधी ओढायला हव्या. जो मोठा त्यातून जो लहान तो पुसायचा. घर वर की झरा वर, याच्याशी अंतराला काय करायचंय?" मग त्याने साळूकडे पाहिले. "माझं अंतर चार झाडं, वहिनी. तुमचं दोन. चार दोनाहून जास्त. हे मला रोज या वाटेवर कळत होतं. पण रेघा माझ्या बाजूने होत्या ना!"

"कळलं ना? मग चला," साळू म्हणाली. "लेकरं वाट बघतायत."

तिथेच, अंधार पडायच्या आत, सगळ्यांचे हिशेब पुन्हा झाले. बेडूक पहिला. साळू दुसरी. टिटवी तिसरी. उदमांजर चौथे. रानडुकराने मोठ्या आशेने विचारले, "आणि मी?"

"एकविसातून बारा गेले, नऊ."

"आणि मी खाली दुसऱ्या झाडाशी होतो तेव्हा?"

"दहा."

"म्हणजे मी एवढं बिऱ्हाड उरावर घेऊन डोंगर चढलो," रानडुक्कर म्हणाले, "ते एका झाडासाठी?" टिटवीला पुन्हा हसू आवरेना, आणि या वेळी ससाही हसला, जरी त्याच्या पाचाचे बारा झाले होते आणि दुसऱ्या दिवशी लेकरांना पुन्हा सातव्या झाडाशी आणायचे होते.

सगळे झऱ्यावर परतले, बेडकाने आपले पाणी पिऊन घेतले आणि साळूची पाळी आली. कुंडीत दिवसभराचे पाणी तसेच निवळ होते, आणि कुणी ढवळले नव्हते. साळूने द्रोण भरला. भरताना काठावर आलेला एक थेंबसुद्धा तिने सांडू दिला नाही. दहाव्या झाडाशी पोचली तेव्हा द्रोणात पाऊण पाणी होते, नेहमीसारखे. पिल्लाने आधी नुसते नाक बुडवले. मग एक घोट घेतला. मग दुसरा. मग चक्क चौथ्या घोटाला ठसका लागून रडू लागले, मोठ्याने, चांगले खणखणीत. टिटवी नवव्या झाडाजवळून ओरडली, "रडलं का गं बाई!" आणि साळूने उत्तर दिले, "रडलं!"

दुसऱ्या दिवशी पहाटे साळू गाळ काढायला गेली, तर कुंडीवर आधीच कुणीतरी उभे होते. उदमांजर. त्याच्या बायकोच्या तोंडात एक पिल्लू, त्याच्या तोंडात दुसरे. तेराव्या झाडाच्या मुळाशी एक बरी कपार होती, ढोली नव्हे, पण सावलीची. पिल्लांना तिथे ठेवून ते साळूजवळ आले आणि जरा चाचरत म्हणाले, "वहिनी, एक सांगायचं होतं. राग मानू नका. तेरातून बारा गेले की एक उरतो. म्हणजे आता माझा नंबर..."

"तुमचा नंबर माझ्या आधी," साळू म्हणाली. "मला एवढी वजाबाकी आता येते."

"मग तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाईट कशाचं? खरंच एका झाडावर आलात, तर तुम्हीच जवळचे. वर असा की खाली." तिने कुंडीच्या कडेला सरकून जागा केली. "पण शेजारी, जवळच्याचं दुसरं कामही असतं. तो पाला पुढे आहे, आणि तळाशी गाळ फार साचलाय. या, उतरा."

उदमांजराने आपल्या स्वच्छ पंजांकडे एकदा पाहिले, आणि मग कोपरापर्यंत चिखलात उतरले.

तात्पर्य : अंतर वरून मोजा की खालून, तेवढेच भरते, आणि ते कधी उणे होत नाही; जो हिशेब लांबच्याला जवळचा ठरवतो, तो त्याच वाटेने एकदा चालून तपासावा.